चार दिवसांची चिठ्ठी

कुणी माझ्यासमोर त्या हॉटेलातल्या भरताचं कौतुक केलं की माझं डोकं फिरतं. "काय चव होती, अगदी घरच्यासारखी," असं लोक अजून म्हणतात. हॉटेल बंद होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी म्हणतात. मी ऐकून घेते. मनात म्हणते, घरच्यासारखीच होती बाबा, घरी बायकांना जे जे सोसायला लावतात ते सगळं तिथंही होतं.

शेठची तीन हॉटेलं होती. पहिलं जळगावला, दुसरं धुळ्यात हायवेला, आणि तिसरं पुढं धुळ्यातच, देवपुरात कॉलेजच्या पोरांसाठी काढलेलं. तिन्हीकडं एकाच रंगाची पाटी आणि एकच थाळी: भरीत, शेवभाजी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, वर कांद्याची पात. मी जळगावजवळच्या असोद्याची, दिली धुळ्यात. मॅट्रिक पास होते, पण सासरी त्याचा कुणाला उपयोग नव्हता. नवरा तेलाच्या मिलमध्ये होता. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मी हायवेच्या हॉटेलात भाकऱ्या थापायला लागले. रविवारी सकाळी अख्खी गल्ली एका टीव्हीसमोर बसायची, त्या दिवसांतली ही गोष्ट.

स्वयंपाकघरात आम्ही पाच बायका होतो. चार जणी भाकरीवर, आणि अक्का भरतावर. पुरुषांत एक आचारी, बाकी वेटर. अक्का धुळ्याजवळच्या एका खेड्यातली. नवऱ्यानं टाकलेली, मूलबाळ नाही, माहेरी भावजयीचं राज्य. देवपुरात एका खोलीत भाड्यानं राहायची आणि पांझरा नदीचा पूल ओलांडून पायी कामाला यायची. मी लागले तेव्हा ती चाळिशी ओलांडून पुढं गेली होती.

हॉटेल चालत होतं ते तिच्या हातावर. हिरवी, पांढुरक्या रेघांची मोठी वांगी ती स्वतः निवडायची, वजनाला हलकी तेवढी घ्यायची, जडात बिया असतात म्हणायची. मागच्या अंगणात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीच्या काड्यांचा जाळ करून त्यावर भाजायची. साल गरम असतानाच काढायची, पाणी लावायचं नाही, त्यामुळं तिच्या बोटांची टोकं कायम गुळगुळीत आणि लालसर. मग लाकडी बडगीत मिरची, लसूण आणि वांगी ठेचायची. मी पहिल्या दिवशी घाबरून हळूहळू थापत होते, तर म्हणाली, "पोरी, हाई हॉटेल शे असं इसरी जाय. नहीते हात लवकर थकतस." मी तसंच करायला लागले. ते चुकीचं होतं. हॉटेल आहे हे आम्ही कुणीच विसरायला नको होतं.

तिथला नियम असा. बाईला पाळी आली की तिनं चार दिवस कामावर यायचं नाही. शेठचं म्हणणं, आपल्याकडं व्यापारी, देवधर्म करणारी माणसं जेवायला येतात, भाकरी चोख पाहिजे. स्वयंपाकघरात देवाचा फोटो होता, त्याला विटाळ नको. आम्हालाही यात काही वावगं वाटलं नाही. आम्ही सगळ्या तशाच घरांतल्या. घरी बाहेर बसायचो, तर हॉटेलातही बसायचं, एवढंच. त्या चार दिवसांचा पगार नाही, तेही आम्ही धरूनच चाललो होतो.

पण घरात हे सासूला कळतं. हॉटेलात ते मॅनेजरला कळवावं लागायचं. मॅनेजर तिशीतला, अंगावर सदा पांढरा बुशशर्ट, बोलायला मऊ. स्वयंपाकघराच्या दाराला त्यानं एक कॅलेंडर टांगलं होतं आणि त्यावर आम्हा पाचही जणींच्या नावाचं पहिलं अक्षर पेन्सिलीनं लिहून तारखांना गोल केलेले असायचे. कुणाची तारीख दोन दिवस पुढं सरकली की तो गल्ल्यावरून विचारायचा, "काय, या खेपेला अजून नाही का?" वेटर पोळपाटाकडं बघत हसायचे. कुणी लपवून काम करत असेल तर सगळं अन्न बाटेल, अशी त्याला काळजी. मला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा माझ्या सासूच्या आधी त्या मॅनेजरला कळलं. "अभिनंदन," म्हणाला. मी भाकरी तव्यावर टाकली ती करपेपर्यंत उलटलीच नाही. आज ते आठवलं तरी अंगाची आग होते. तेव्हा मी खाली मान घालून हसले होते, हे त्याहून वाईट.

सगळ्या वेटरांना आठवड्याची सुट्टी होती, पाळीपाळीनं. आम्हाला नव्हती. एकदा आमच्यातल्या एकीनं मागितली तर मॅनेजर म्हणाला, "तुम्हाला महिन्याला चार आहेतच की. एकदम मिळतात, अजून काय पाहिजे?" हिशेब बिनतोड होता. चार आठवडे, चार सुट्ट्या. शेठनं आमचा विटाळ पाळला आणि त्यातच आमची सुट्टीही बसवून टाकली. आणि खरं सांगायचं तर त्या चार दिवसांची आम्ही वाट बघायचो. पोट दुखलं, कंबर धरली तरी बसायला मिळायचं. चुलीपुढं उभं राहायचं नाही, एवढ्यावर आम्ही खूश.

मग देवपूरचं हॉटेल निघायच्या सुमाराला कुणीतरी शेठला सल्ला दिला असावा, की नोकरांच्या रजा लेखी पाहिजेत. मॅनेजर स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, यापुढं रजेच्या आधी चिठ्ठी द्यायची. पाच जणींत लिहिता येत होतं मला एकटीला. कारण काय लिहायचं, असा प्रश्न आला. एकमेकींकडं बघितलं. तो शब्द कागदावर लिहायचा, तो कागद पुरुषाच्या हातात द्यायचा, तो फाईलला लागणार, हे आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं. एक जण म्हणाली, "गावाले जानं शे असं लिख ना." सगळ्यांना बरं वाटलं. घरी पाहुणे आले आणि सून दिसली नाही तर आम्ही हेच सांगतो. कुणी विचारत नाही कुठलं गाव.

तेव्हापासून मी पाच जणींच्या चिठ्ठ्या लिहायला लागले. "मला गावी जायचे आहे, तरी चार दिवस रजा मिळावी ही विनंती." बाकीच्या अंगठा उठवायच्या, मी सही करायची. माझं अक्षर चांगलं. मला त्याचा अभिमान होता. पाच बायकांची अब्रू मी झाकते आहे असं वाटायचं मला. अक्काला तर जायला गावच नव्हतं. माहेरचं दार बंद, सासरचं त्याच्या आधी बंद. तरी दर महिन्याला तिच्या अंगठ्याखाली मी सुवाच्य अक्षरात तिला गावी पाठवत राहिले.

एकदा दुपारी आम्ही दोघी मागच्या ओट्यावर लसूण सोलत होतो. मी म्हटलं, "अक्का, तुमची तारीख परवाची ना, चिठ्ठी आजच लिहून ठेवते." तिनं हातातला लसूण खाली ठेवला. मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाली, "मनं ते वरीस व्हयनं, बंद शे. कोनले सांगू नको वं. सांगं ते ह्या चार दिनबी जातीन."

पाळी जाऊन वर्ष झालं तरी ती चार दिवस घेतच होती! मला हसू आलं. तीही हसली. शेठला बरं फसवलं असं वाटलं दोघींना. अठ्ठेचाळीस-पन्नासची बाई, रोज शंभर-सव्वाशे वांगी भाजणारी, महिन्यातून चार दिवस आपल्या खोलीत पाय पसरून बसते, यात कुणाचं काय जातं. मी चिठ्ठी लिहिली. पुढंही लिहीत राहिले.

त्या दिवाळीला हॉटेलात कायम केलेल्या माणसांची यादी लागली. अकरा नावं, अकराही पुरुष. त्यांतला एक तर अक्काच्या हाताखाली वांगी पारखायला शिकलेला, तिच्यानंतर पाच वर्षांनी आलेला. मी यादी वाचून दाखवली. अक्कानं ती शेवटपर्यंत ऐकली. कायम होणं म्हणजे तिच्या लेखी फार मोठं काही नव्हतं. एकच गोष्ट होती: उद्यापासून येऊ नको, असं कुणाला म्हणता आलं नसतं. तिच्यासारख्या एकट्या बाईला तेवढं पुरे होतं. हात धुऊन ती गल्ल्यावर गेली आणि मॅनेजरला म्हणाली, "मनं नाव कथं शे?"

तो म्हणाला, "अक्का, कायम व्हायला सलग काम लागतं. तुम्ही दर महिन्याला चार दिवस गावी जाता. चिठ्ठ्या आहेत माझ्याकडं."

"गावले कोन जास?" अक्का म्हणाली. "माले गाव तरी शे का? तूच धाडस ना घर."

सगळे वेटर ऐकत होते. दोन टेबलांवर गिऱ्हाईक होतं, तेही ऐकत होतं. मॅनेजरचा मऊ आवाज गेला. तो म्हणाला, "आत जा." आठ दिवसांनी तिच्या हातात कागद पडला. तो मीच वाचून दाखवला. वारंवार रजा, कामात अनियमितपणा, सबब कामावरून कमी करण्यात येत आहे. आपणच हाकलायचं आणि आपणच म्हणायचं की ही घरी थांबते, चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. नऊ वर्षं ज्या बाईच्या भरतावर हायवेचं हॉटेल चाललं आणि देवपूरचं उभं राहिलं, तिला तीन ओळींत उडवलं. आणि त्या तीन ओळींना पुरावा माझ्या अक्षरात.

मीच तिला वकिलाकडं घेऊन गेले. कामगारांच्या केसेस घेणारे धुळ्यातले साठीचे वकील, भला माणूस. मी त्यांना सगळं सांगितलं, म्हणजे सांगितलं असं मला वाटलं. "साहेब, त्या गावी जात नव्हत्या, त्यांना बायकांच्या अडचणीमुळं घरी पाठवायचे," एवढं बोलले. ते समजले. कान लाल झाले त्यांचे. अर्जात त्यांनी लिहिलं, "रूढीमुळे व कौटुंबिक कारणामुळे मालकाच्या सूचनेवरून." मी विचारलं, साहेब, कोर्टाला यातून कळेल का? ते म्हणाले, "कळेल ताई, कळेल. उघडं कशाला लिहायचं?" अक्काच्या बंद झालेल्या पाळीचं मी त्यांना सांगितलं नाही. अक्कानं कुणाला सांगू नको म्हटलं होतं, आणि ते केसमध्ये कशाला लागेल असं मला वाटलं.

तारखा पडत राहिल्या, जवळजवळ दोन वर्षं. अक्का देवपुरात चार घरी भाकऱ्या करून दिवस काढत होती. प्रत्येक तारखेला धुतलेलं लुगडं नेसून यायची आणि कोर्टाच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसायची. तिला एकच पाहिजे होतं, परत त्या मागच्या अंगणात जाळापुढं उभं राहायचं. "मनी बडगी मोडी टाकी व्हई त्यासनी," असं एकदा म्हणाली. मी म्हटलं, नाही, आहे तिथंच. ती होती तिथंच. आता तिच्यात आचारी ठेचायचा आणि भरीत आंबूस लागायचं. गिऱ्हाईक तक्रार करायचं तेव्हा मला मनातून बरं वाटायचं.

मग साक्षी सुरू झाल्या. आमच्यातल्या दोघी अक्काच्या बाजूनं उभ्या राहायला तयार झाल्या, याचंच मला कौतुक होतं. नोकरी जाईल हे माहीत असून आल्या. पण पिंजऱ्यात उभ्या राहिल्या आणि समोर बघितलं तर सगळे पुरुष. न्यायाधीश पुरुष, वकील पुरुष, कारकून पुरुष, मागच्या बाकांवर दुसऱ्या केसची माणसं, त्यांत एकीच्या सासरच्या गावचं कुणीतरी. हॉटेलच्या वकिलानं चिठ्ठी दाखवून विचारलं, "हा अंगठा तुमचा? चार दिवस कुठं गेला होतात?" पहिली म्हणाली, "गावाले." दुसरीही म्हणाली, "गावाले." शपथ घेऊन म्हणाल्या. वकील म्हणाला, "दर महिन्याला? तेही बरोबर चार दिवस?" ती म्हणाली, "हो. आई आजारी व्हती." मागं कुणीतरी हसलं. आमचे वकील कागदात तोंड घालून बसले होते.

व्हरांड्यात आल्यावर मी त्या दोघींना फाडफाड बोलले. काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्यांतली एक रडायला लागली. म्हणाली, "तोंडातून शब्दच निघना नाही वं. तू तरी कागदवर गावाले जानं शे असं कसाले लिखं?"  यावर मी आणखी ओरडले.

माझी साक्ष पुढच्या तारखेला होती. मधल्या महिनाभरात माझा राग नुसता उकळत होता. भाकरी थापताना, पोराला न्हाऊ घालताना मी मनात तेच बोलायचे. मी ठरवलं, मी सांगणार. स्पष्ट शब्दांत सांगणार. नवऱ्याला तेवढं सांगून ठेवलं. तो म्हणाला, "तुला काय बोलायचं ते बोल, मला घरी येऊन सांगू नको." अक्काला मात्र मी काहीच विचारलं नाही. विचारायचं काय त्यात, असं माझ्या डोक्यात. तिच्यासाठीच तर करत होते.

पिंजऱ्यात उभी राहिले. हॉटेलच्या वकिलानं चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढं केला. "अक्षर तुमचं?" माझं. "मजकूर खरा?" मी म्हटलं, "नाही. सगळ्या खोट्या आहेत. आम्ही कुणी गावी जात नव्हतो. आम्हाला मासिक पाळी आली की मॅनेजर चार दिवस कामावर येऊ देत नव्हता. तो भिंतीवर आमच्या पाळीच्या तारखा लिहून ठेवायचा. आम्हाला लाज वाटत होती म्हणून मी गावी जायचे आहे असं लिहिलं."

 न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आमच्या वकिलांनी मान वर केली. न्यायाधीश म्हणाले, "बाई, सावकाश सांगा, लिहून घ्यायचं आहे." मी परत सांगितलं, शब्द न बदलता. टायपिस्टनं ते टाइप केलं. माझी छाती अशी भरून आली होती की काय सांगू. मॅनेजर मागं बसला होता, त्याची मान खाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मान खाली घालायची पाळी त्याची होती. मी जिंकले, असं मला वाटलं. साधारण दोन मिनिटं वाटलं.

हॉटेलचा वकील घाईत नव्हता. तो म्हणाला, "ठीक आहे, तुमचं म्हणणं मान्य करू. म्हणजे ज्या बाईला पाळी येते तिलाच घरी पाठवायचे. बरोबर?" मी म्हटलं, बरोबर. "पाळी नसेल तर कामावर येता येत होतं?" हो. "अर्जदार बाईंचं वय अर्जात पन्नास लिहिलंय. काढून टाकलं त्याच्या आदल्या वर्षीही त्यांच्या दर महिन्याला चार दिवसांच्या चिठ्ठ्या आहेत. तुम्हीच लिहिलेल्या. त्या वर्षी त्यांना पाळी येत होती?"

मी अक्काकडं बघितलं. ती दाराजवळच्या बाकावर बसली होती. पदर तोंडावर ओढलेला, डोळे जमिनीवर. मघाशी मी तो शब्द बोलले तेव्हाच तिनं पदर ओढला असणार. मी बघितलंच नव्हतं. मी न्यायाधीशांकडं बघून बोलत होते.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. सगळं खरं बोलून झाल्यावर एवढंच खोटं बोलले, आणि कोर्टातल्या प्रत्येकाला ते कळलं.

पुढच्या तारखेला हॉटेलच्या वकिलानं अर्ज दिला की अर्जदार बाईंची डॉक्टरकडून तपासणी व्हावी, पाळी कधी बंद झाली ते कळावं, म्हणजे मालकाची फसवणूक कोणी केली ते ठरेल. न्यायाधीशांच्या कपाळाला आठ्या पडल्या. असा अर्ज मंजूर करायचा का यावर दोन्ही बाजूंनी बोलावं, म्हणून त्यांनी पुढची तारीख दिली. आमचे वकील या खेपेला खरंच पेटले होते. व्हरांड्यात येऊन म्हणाले, "असं कोर्ट होऊ देणार नाही. आणि आठवड्याची सुट्टीच देत नव्हते, हे तर त्यांच्याच अंगावर येतंय. अक्का, तुम्ही सरळ सांगा, सुट्टी नव्हती म्हणून घेतले चार दिवस. केस अजून आपल्या हातात आहे." मीही तेच म्हणत होते, हात हलवून हलवून. आम्ही दोघं बोलत होतो आणि अक्का ऐकत होती.

आमचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "मी कोन्हा डाक्टरले आंग दखाडाव नही. अन् कोर्टमाबी सांगाव नही. ऱ्हावू द्या बठ्ठं."

वकिलांनी खूप समजावलं. तिनं ऐकलं नाही. केस मागं घ्यायच्या कागदावर तिनं अंगठा उठवला. तो कागद तरी मी लिहिला नाही.

हॉटेलात काय झालं तेही सांगते. शेठ घाबरला. कॅलेंडर दुसऱ्याच दिवशी निघालं, देवाचा फोटो गल्ल्यावर हलला, आणि मॅनेजरनं सांगितलं की इथून पुढं असला काही प्रकार पाळायचा नाही, बायकांनी रोज यायचं. रोज म्हणजे रोज. विटाळ एका दिवसात संपला, सुट्टी मात्र काही मिळाली नाही. ज्या देवाला इतकी वर्षं आमची भाकरी चालत नव्हती त्याला आता चालायला लागली. भाकरीवरच्या बाया माझ्याशी बोलेनाशा झाल्या. "बसायचे चार दिवस होते तेही हिच्या तोंडानं घालवले," असं माझ्यासमोर म्हणायच्या. मला देवपूरच्या हॉटेलात भांड्यांवर टाकलं. करायला गेले एक आणि झालं भलतंच, पण मागं फिरायची माझी जात नाही. मी कामगार ऑफिसात आठवड्याच्या सुट्टीचा अर्ज दिला, पाच वेळा खेटे घातले, आणि सुट्टी सुरू झाली त्याच महिन्यात मी नोकरी सोडली. त्याबद्दल कुणी आभार मानले नाहीत. मानायला हवे होते असं मला अजून वाटतं.

नोकरी सोडल्यावर मी अक्काच्या खोलीवर गेले. केस काढून घेतल्यापासून आमची गाठ नव्हती. ती कॉलेजच्या पोरांचे डबे करत होती, दोन स्टोव्ह शेजारी शेजारी. वांगं गॅसवर, स्टोव्हवर भाजणार नाही म्हणायची, म्हणून डब्यात भरीत नसायचं, नुसती डाळ आणि भाकरी. तिनं मला पाट दिला. मी पाटावर बसून सगळं बोलले. शेठ कसा, मॅनेजर कसा, त्या वकिलाला लाज नाही, त्या दोघी पिंजऱ्यात शेपूट घालून बसल्या, आपले वकील आधी का लाजले. पुन्हा तसंच झालं तर मी पुन्हा तेच बोलेन, असंही म्हटलं. खरं ते खरं, अक्का, मी म्हटलं. कुणीतरी बोलायलाच पाहिजे होतं.

अक्का भाकरी थापत होती. तवा तापला तशी भाकरी टाकली, वरून पाणी फिरवलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "तू खरं बोलनी. मी कोठे नही म्हनस? पन ते मनं व्हतं वं. माले एक डाव इचारी लेती."

आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडले असते, भांडता येतं मला. तिनं भाकरी उलटली, पापुद्रा फुगेपर्यंत थांबली आणि पहिली भाकरी माझ्या ताटात वाढली. मी ती खाल्ली.

पुलावरून परत येताना मला तिचा राग आला. इतकं केलं मी हिच्यासाठी, नोकरी घालवली, सासरी तोंड दाखवायला जागा राहिली नाही, आणि ही म्हणते, ते माझं होतं, विचारलं नाहीस. घर येईपर्यंत मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते. पण मी तिला का विचारलं नव्हतं, हे त्या भांडणात मी एकदाही येऊ दिलं नाही. विचारलं असतं तर ती नको म्हणाली असती, हे मला तेव्हाही माहीत होतं.